वज्रलेप

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादिकांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यापासून हा लेप करावा, असे त्यात सांगितले आहे. हा अध्याय मुखोद्गत असूनही आम्हांस हातभर लाकडाचा सांधा टिकविता आला नाही, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी आमच्या नातवाने आपल्या लहान शिडाच्या होडीसाठी सुकाणूचा वाकदार दांडा करावयास घेतला. सागाच्या पातळ पट्ट्या सरस लावून एकावर एक ठेवावयाच्या व साच्यावर वाकवून आवळावयाच्या. म्हणजे वाक येऊनही लाकडाचे तंतू अखंड राहतात. त्यास इपॉक्सी आणावयाची होती. "घरात पांढऱ्या सरसाचा अर्धा डबा पडला आहे. त्यानेच दिवाणखान्यातले टेबल दहा वर्षे उभे आहे," असे आम्ही बजाविले. "बरे, आजोबा," एवढेच तो म्हणाला. वडील मंडळींचा शब्द मोडू नये, हे त्यास आम्हीच शिकविले होते.

मार्गशीर्षात भर खाडीत वारा वाढला आणि दांडा मुलाच्या हातातच उकलला. होडी कलंडली. जवळ मासेमारी करणाऱ्या एका कोळ्याने त्यास वर ओढून घेतले, म्हणूनच आज हे लिहावयास आम्ही धजतो.

मग आम्ही चष्मा लावून वाचावयास बसलो. पांढरा सरस म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट. तो वाळल्यावरही किंचित लवचिक राहतो व सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. साध्या जातीचा तर पाण्याने मऊही पडतो. आणि वाकविलेली पट्टी जन्मभर सरळ होऊ पाहते! यूरिया फॉर्माल्डिहाइडचा सरस थोडा ओलावा सोसतो, परंतु उष्णता व दमटपणा एकत्र आले की कालांतराने खचतो. रिसॉर्सिनॉलचा सरस उकळत्या पाण्यासही दाद देत नाही. मात्र सांधा तंतोतंत जुळलेला व दाब भक्कम हवा, शिवाय काळपट तांबडी रेघ मागे राहते. इपॉक्सी बारीक फटी भरून काढते व तिला हलका दाब पुरतो. फार आवळल्यास ती बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. सागाचे तेल आधी ॲसिटोनने पुसावे, हातमोजे घालावे व वरून फिकट रंग द्यावा. कारण गडद रंगाचे लाकूड उन्हात फार तापले की इपॉक्सीही मऊ होते.

दिवाणखान्यातले टेबल आजही उभे आहे. त्यास ना पाणी लागते, ना वाक सोसावा लागतो. तेव्हा दोष सरसाचा नव्हे. टेबलाचा अनुभव आम्ही होडीस लावला, हा दोष आमचा.

नवा दांडा नातवाने इपॉक्सीने केला; आम्ही केवळ शिकंजे धरले. हल्ली तो "बरे, आजोबा" म्हणाला, की आम्ही थांबतो आणि विचारतो, "खरोखरच बरे ना?"