इमान कशाशी राखायचे?

चि. ईशा हिस,


व्हिडिओ गेमवरून चित्रपट करताना मूळ गेमशी किती इमान राखावे, हा प्रश्न कादंबरीच्या माध्यमांतरापेक्षा अवघड आहे. कादंबरी वाचली जाते, चित्रपट पाहिला जातो. दोन्हीकडे गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी असते. गेममध्ये गोष्ट पुढे नेणारे हात खेळाडूचे असतात. त्यामुळे गेमचा विचार तीन थरांत करावा लागतो. पहिला थर कथेचा, म्हणजे पात्रे, प्रसंग आणि शेवट. दुसरा जगाचा, म्हणजे ते जग दिसते कसे आणि कोणत्या नियमांनी चालते. तिसरा कृतीचा, म्हणजे खेळाडू तासन्‌तास जे करत राहतो ते: उड्या मारणे, लपणे, शोधणे, हरणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे. पहिले दोन थर पडद्यावर नेता येतात. तिसरा जसाच्या तसा नेता येत नाही, कारण थिएटरात कंट्रोलर कुणाच्याच हातात नसतो. माध्यमांतराचा खरा पेच इथे आहे.

हॉलिवूडचा या वाटेवरचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९९३ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकेल हे त्याचे दिग्दर्शक. बॉब हॉस्किन्स मारिओच्या भूमिकेत होते. निन्टेंडोच्या १९८५ च्या गेममधले रंगीबेरंगी मशरूम राज्य या चित्रपटातून गेले आणि त्याच्या जागी डायनोसॉरपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचे अंधारे, कोंदट शहर आले. कासवासारखी पाठ असलेला राजा कूपा डेनिस हॉपर यांच्या रूपात माणूस झाला. त्याहून मोठा बदल उडीत झाला. मारिओ म्हणजे उडी. खड्डा ओलांडणे, शत्रूला चिरडणे, नाणी मिळवणे हे सारे तो उडी मारूनच करतो आणि ती अचूक साधणे हेच खेळाडूचे कसब. चित्रपटात उंच उडी मारायला यांत्रिक बूट लागतात. पात्रांची नावे राहिली, पण जग आणि कृती दोन्ही गेली. चित्रपटावर झालेला खर्चही तिकीटबारीवर वसूल झाला नाही.

याच्या उलट टोकाचा धोका म्हणजे वरवरची नक्कल. ‘डूम’ या १९९३ च्या गेममध्ये खेळाडू बंदूक धरलेल्या सैनिकाच्या डोळ्यांनी सगळे पाहतो आणि नरकातून आलेल्या राक्षसांशी लढतो. २००५ च्या चित्रपटाने नरक काढून टाकला आणि राक्षसांचे मूळ जनुकीय प्रयोगात दाखवले. गेमशी नाते सांगण्यासाठी शेवटाकडे काही मिनिटांचा सलग प्रसंग सैनिकाच्या नजरेतून चित्रित केला: समोर बंदुकीची नळी, पुढे कॉरिडॉर, कोपऱ्याकोपऱ्यावर शत्रू. दृश्य हुबेहूब गेमसारखे आहे, तरी गेमचा थरार त्यात नाही. गेममध्ये कुठे वळायचे आणि केव्हा गोळी झाडायची हे खेळाडू ठरवतो आणि चुकला तर मरतो. इथे ते आधीच ठरलेले असते. प्रेक्षकाला दुसऱ्या कुणाचा तरी खेळ मागे उभे राहून पाहावा लागतो.

दिसण्याच्या बाबतीत मात्र चाहते काटेकोर असतात आणि त्यांचे म्हणणे बहुधा रास्त असते. ‘सोनिक द हेजहॉग’चा पहिला ट्रेलर एप्रिल २०१९ मध्ये आला तेव्हा सेगाच्या या निळ्या पात्राला बारीक डोळे आणि माणसासारखे दात होते. प्रचंड टीका झाली. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच रूप बदलण्याचे जाहीर केले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले. मोठे डोळे आणि गेममधला चेहरा परत आल्यावर लोकांनी चित्रपट उचलून धरला. सोनिकचा तो चेहरा १९९१ पासून खेळाडूंच्या ओळखीचा होता. इतकी वर्षे सोबत असलेल्या पात्राचे रूप बदलायचे तर त्याला तसेच सबळ कारण लागते, आणि इथे ते नव्हते.

इमान राखले नाही तर चित्रपट पडतोच, असे मात्र नाही. २००२ पासून आलेल्या सहा ‘रेसिडेंट ईव्हिल’ चित्रपटांची नायिका ॲलिस मूळ गेममध्ये नाहीच, तरी या मालिकेने जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. मूळ कर्ताच दिग्दर्शक असला की निभावते, असेही नाही. ‘फायनल फँटसी’ गेमचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी २००१ मध्ये ‘द स्पिरिट्स विदिन’ स्वतः दिग्दर्शित केला. त्यात गेमची पात्रे नव्हती, ओळखीचे जगही नव्हते, आणि चित्रपट मोठ्या तोट्यात गेला. तेव्हा तिकीटबारी हा इमानाचा निकष होऊ शकत नाही आणि मूळ कर्त्याचे नाव हाही नाही. प्रश्न कलेचा आहे: खेळाडूला जे मिळत होते त्याच्या तोडीचे काही प्रेक्षकाला मिळाले का?

२०२३ च्या दोन कृतींनी त्याचे उत्तर दिले. ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ या ॲनिमेशनपटाचे मारिओचे जनक शिगेरू मियामोतो सहनिर्माते होते. त्यात ब्रुकलिनमधून धावणारे मारिओ आणि लुइजी एका बाजूने दिसतात, जुन्या गेमच्या चौकटीत दिसत तसे. पण त्याहून मोलाचा आहे तो राजकुमारी पीचने लावलेल्या अडथळ्यांच्या शर्यतीचा प्रसंग. मारिओ उडी मारतो, पडतो, आपटतो आणि पुन्हा सुरुवातीला येऊन उभा राहतो. लहानपणी हा गेम खेळलेल्या प्रत्येकाच्या बोटांना हे पडणे पाठ आहे. इथे खेळाडूची कृती पात्राच्या स्वभावात उतरली: हार न मानणे हाच या मारिओचा गुण ठरला.

‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका याहून पुढे जाते. नॉटी डॉग कंपनीचा मूळ गेम २०१३ चा. मालिका त्याचे लेखक नील ड्रकमन आणि क्रेग मेझिन यांनी मिळून घडवली. गेममध्ये बिल सापळे लावलेल्या गावात एकटा राहतो. त्याचा जोडीदार फ्रँक गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडतो आणि त्याच्या चिठ्ठीत बिलबद्दल निव्वळ तिरस्कार असतो. वाटेत खेळाडू बरेच लढतो. मालिकेच्या तिसऱ्या भागाने या लढाया वगळल्या आणि दोघांना वर्षानुवर्षांचा संसार दिला, म्हातारपण दिले आणि एकाच रात्रीचा मृत्यू दिला. मागे उरलेले बिलचे पत्र कथेचा नायक जोएल याला सांगते की आपल्यासारख्यांचे काम म्हणजे आपल्या माणसाचे रक्षण करणे. प्रसंग जवळजवळ उलटा झाला, तरी गेमचा गाभा सुटला नाही. एका माणसासाठी सगळ्या जगाशी झुंजणे, हेच गेममध्ये खेळाडू प्रत्येक पावलावर करत असतो.

शेवटच्या इस्पितळाच्या प्रसंगात कथा तीच राहिली आणि सादरीकरण बदलले. गेममध्ये जोएल आपण जपलेल्या मुलीला वाचवायला शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो तेव्हा नियंत्रण खेळाडूकडेच असते. डॉक्टरला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. ते कृत्य खेळाडूच्याच बोटांनी होते आणि त्याचे ओझेही त्याच्यावर येते. हे ओझे प्रेक्षकावर टाकता येत नाही. म्हणून मालिकेने गोळीबारातला थरारच काढून घेतला: गोळ्यांचे आवाज दबलेले, वर शोकाकुल संगीत, आणि जोएलचा निर्विकार चेहरा. खेळाडूला जी अपराधी बोच लागते, तिच्या जागी प्रेक्षकाला भीती वाटते, आणि तीही ज्याच्यावर आतापर्यंत जीव जडला त्याच माणसाची.

२०२४ च्या ‘फॉलआउट’ मालिकेने तिसरा मार्ग दाखवला: कथा संपूर्ण नवी, जग मात्र जुनेच. अणुयुद्धानंतरची अमेरिका, भूमिगत व्हॉल्ट आणि १९५० च्या दशकाच्या जाहिरातींतला निरागस आशावाद हे सगळे जसेच्या तसे आहे. गेममध्ये उजाड मुलखात कसे वागायचे ते खेळाडू निवडतो. मालिकेत त्या निवडी तीन मुख्य पात्रांत वाटल्या गेल्या: नीती जपू पाहणारी लूसी, सत्तेच्या आधाराला लागलेला मॅक्सिमस आणि जगण्यासाठी काहीही करणारा घूल.

यातून पटकथाकाराच्या कामाचा क्रमही ठरतो. आधी गेम खेळून, त्यात हात नेमके काय करतात आणि ते करताना मनात काय उमटते, हे शोधावे. ती भावना पात्राच्या स्वभावातून, प्रसंगाच्या रचनेतून किंवा ध्वनीतून उभी करावी. जगाचे नियम आणि पात्रांची रूपे सबळ कारणाशिवाय मोडू नयेत. कथेतले प्रसंग मात्र निर्धास्तपणे बदलावेत, वगळावेत, गरज पडली तर उलटेही करावेत. कथेचा प्रत्येक तपशील पाळूनही गेमशी बेइमानी होऊ शकते. नवी कथा लिहूनही त्याच्याशी पूर्ण इमान राखता येते. लाखो लोकांनी स्वतःच्या हातांनी जगलेल्या गोष्टीला पडद्यावर एवढा मान मिळायलाच हवा.

तुझा,
विवेकमामा