थेंबभर आयोडीन

आयोडीन तिच्या आयुष्यात आलं ते रंग घेऊन. कोल्हापूरच्या शाळेत खो-खो खेळताना गुडघा फुटला की पीटीचे सर कपाटातून तपकिरी बाटली काढायचे आणि कापसाचा बोळा जखमेवर टेकवायचे. टिंक्चर आयोडीन असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. पुढे विज्ञानाच्या बाईंनी बटाट्याच्या कापावर आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि काप निळाकाळा झाला. पिष्टमय पदार्थ ओळखायची ती परीक्षा तिला इतकी आवडली की त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं भात, पोळी, साबुदाणा, सगळ्यावर काय रंग येईल याचे अंदाज बांधले.

हे मूलद्रव्य माणसाला सापडलं तेही रंगामुळेच. १८११ साली बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ समुद्री शेवाळाच्या राखेतून बंदुकीच्या दारूसाठी लागणारे क्षार काढत होता. राखेच्या अर्कात तीव्र आम्ल पडलं आणि जांभळी वाफ उठली. थंड जागी ती वाफ गडद, चकचकीत स्फटिकांच्या रूपात बसली. नऊच वर्षांनी, १८२० मध्ये, जिनिव्हाच्या ज्याँ-फ्रान्स्वा क्वांदे या डॉक्टरनं गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन द्यायला सुरुवात केली. अनेकांची गाठ खरोखर उतरली. काहींची मात्र छाती धडधडू लागली, वजन घटलं, हात कापू लागले, आणि गावात ओरड झाली. आयोडीन तारतं आणि अंगावरही येतं, हे वैद्यकाला तेव्हापासून ठाऊक आहे.

तिचं आजोळ शिरोड्याचं. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला, ते वेंगुर्ल्याजवळचं शिरोडं. सुट्टीत मामाबरोबर मिठागराच्या बांधावरून चालताना कप्प्याकप्प्यांत साठलेलं पाणी आणि कडेला ओढून ठेवलेले मिठाचे ढीग दिसायचे. आजीच्या स्वयंपाकघरात चिनी मातीच्या बरणीत तेच करडं, ओलसर खडे मीठ असायचं. कोल्हापुरात मात्र आईनं पिशवीतलं बारीक मीठ सुरू केलं होतं. त्यावर आयोडीनयुक्त मिठाची खूण म्हणून हसऱ्या सूर्याचं चित्र असे. आजीला ते पटत नसे. ती म्हणायची, "दर्याचा मीठ ह्या, तेच्यात सगळा आसता."

आजीचं म्हणणं तर्काला धरून होतं, पण गणित वेगळं आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. म्हणजे ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असतं तरी एका ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरलं नसतं. प्रत्यक्षात पाणी आटताना त्यातलंही बरंचसं निघून जातं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. मासळी रोजच्या ताटात असलेल्या शिरोड्यात ते मासळीतून थोडंफार येत होतं. उपासाचं शेंदेलोण असो की हल्ली दुकानात ऐटीत मांडलेलं गुलाबी मीठ, आयोडीनच्या बाबतीत दोन्हींचा हात रिकामाच.

मिठात आयोडीन घालायची गरज भारतात दिसली ती हिमालयाच्या पायथ्याशी. हिमनद्यांनी आणि पावसानं तिथल्या मातीतलं आयोडीन युगानुयुगं धुऊन नेलं होतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात सुमारे एक लाख वस्तीचा भाग निवडून त्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांत दोन्हींकडे गलगंडाचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं, तिसरीकडे ते तसंच राहिलं. मग तिसऱ्या विभागालाही आयोडीनचं मीठ मिळालं. त्या कामाच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. प्रश्न फक्त गळ्यावरच्या गाठीचा नव्हता. गर्भारपणात आईला आयोडीन फारच कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते.

खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं करणारा केंद्राचा नियम १९९८ मध्ये लागू झाला, २००० मध्ये उठला, २००६ मध्ये पुन्हा आला. कारखान्यातून निघताना किलोला ३० मिलिग्रॅम आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किमान १५ मिलिग्रॅम, असं प्रमाण ठरलं. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर बरोबर १५० मायक्रोग्रॅम. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९३ टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळलं. तोवर शिरोड्याच्या बरणीतही पिशवीतलं मीठ आलं होतं.

तिच्या स्वतःच्या शरीराची तक्रार सुरू झाली ती बारावीच्या वर्षात. पाळी दोन-दोन महिने येईना, हनुवटीवर केस, गालांवर पुरळ. सोनोग्राफीत अंडाशयांच्या कडेनं बारीक काळ्या ठिपक्यांची माळ दिसली. "पीसीओडी आहे, वजन कमी करा," एवढं ऐकून मायलेकी घरी आल्या. गाठी हा शब्द कानावर पडल्यानं आई रात्रभर झोपली नाही. त्या गाठी नव्हत्या. ते अंडाशयातले पूर्ण न पिकलेले बीजकोश होते, काही मिलिमीटरचे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमध्ये हे चित्र नोंदवलं होतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना ते असतं, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो.

त्या वेळी एक तपासणी राहून गेली. पीसीओएसचं (पीसीओडीचंच वैद्यकीय नाव) निदान करण्याआधी थायरॉइड, म्हणजे गलगंडात फुगणारी गळ्यातली ग्रंथी, आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासून घ्यावं, असं निदानाचे निकषच सांगतात. कारण थायरॉइड मंदावला तरी पाळी चुकते, वजन वाढतं, केस गळतात. प्रोलॅक्टिन वाढून बीज सुटण्यात अडथळा येतो. पुरुषी संप्रेरकाला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन कमी होतं, म्हणून ते संप्रेरक मोकळं फिरतं. दीर्घकाळ उपचार न झालेल्या थायरॉइडमुळे अंडाशयं सुजून बहुपुटी झाल्याची आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर पूर्ववत झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

तिच्या बाबतीत पीसीओएस आणि थायरॉइड दोन्ही खरं निघालं, पण बऱ्याच उशिरा. पुण्यात नोकरी लागल्यावर सकाळी अंथरूण सोडवेना, आवाज जड झाला, पुण्याच्या हिवाळ्यात दोन स्वेटर घालूनही थंडी जाईना. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक वाढलेलं होतं आणि अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडं कित्येक पट. म्हणजे हाशिमोटो: शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा आजार मांडला होता. पीसीओएस आणि हाशिमोटो अनेकदा हातात हात घालून येतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पीसीओएस असलेल्या १७५ स्त्रियांपैकी जवळपास २७ टक्के जणींत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली, तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियांत सुमारे ८ टक्के.

तेव्हापासून उशाशी थायरॉक्सिनची बाटली आली. पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर एक गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि वजनानं त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग आयोडीनच असतो. शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळीतून साठ-पासष्ट मायक्रोग्रॅम आयोडीन रोज तिच्या पोटात जातं, तेही ग्रंथीनं जे घडवायचं ते आधीच घडवलेल्या रूपात.

मग न्यू जर्सीच्या मावसबहिणीनं प्रेमानं आयोडीनच्या थेंबांची बाटली पाठवली. तिकडे तिच्या मैत्रिणींत बोलबाला होता: थायरॉइड मंद म्हणजे आयोडीन कमी, अंडाशयालाही आयोडीन लागतं, चार थेंब घेतले की 'गाठी' विरघळतात. कमतरता आहे की नाही ते पाहायला मनगटावर आयोडीन लावायचं, डाग लवकर उडाला तर शरीराला भूक आहे असं समजायचं. शाळेतला गुडघ्यावरचा डाग तिला आठवला. तोही कधी लवकर जायचा, कधी टिकायचा. आयोडीन कातडीवरून हवेत उडून जातं. हवा गरम की थंड, डाग गडद की फिका यावर ते ठरतं. शरीरातल्या साठ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिनं बाटली तशीच घेऊन तपासणीच्या दिवशी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी घाई केली नाही. लेबल वाचलं, कागदावर आकडे मांडले. त्या द्रावणाच्या एका थेंबात सहा मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन होतं, दिवसाच्या गरजेच्या चाळीस पट. "कारखान्यात कामगारच आजारी आहेत आणि तुम्ही दाराशी कच्च्या मालाचे ट्रक उभे करताय," ते म्हणाले. मग त्यांनी तिला १९४८ चा शोध समजावला. वुल्फ आणि चायकॉफ या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिलं की आयोडीनचा अचानक भडिमार झाला की थायरॉइड संप्रेरक बनवणं थांबवतो. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते. हाशिमोटोनं पोखरलेली ग्रंथी पुष्कळदा सावरत नाही, आणि मंद थायरॉइड आणखी मंद होतो.

हे प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. जपानच्या होक्काइडो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबू हे समुद्री शेवाळ भरपूर खाणाऱ्या वस्त्यांत १९६० च्या दशकात गलगंड आढळला, आयोडीनच्या अतिरेकानं झालेला. चीनमधल्या तीन भागांत पाच वर्षं चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे आयोडीन गरजेपेक्षा जास्त होतं तिथे सौम्य थायरॉइडमंदता आणि प्रतिपिंडांचा आजार जास्त दिसला. डेन्मार्कनं २००० पासून मिठात मुद्दाम कमी मात्रा ठेवून सक्ती केली, तरी मंद थायरॉइडच्या नव्या रुग्णांची नोंद वाढली. त्यांनी कार्यक्रम बंद केला नाही, कारण आयोडीनच्या कमतरतेचं नुकसान त्याहून मोठं आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन ५०० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असलेली पूरकं रोज घेऊ नयेत असं स्पष्ट सांगते. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आयोडीन हा उपचार नाही. तिथे आहार, व्यायाम, गोळ्यांनी पाळीचं नियमन, इन्सुलिनवर काम करणारं मेटफॉर्मिन यांची चर्चा आहे.

लग्नानंतर मूल हवं होतं, तेव्हा आयोडीन वेगळ्याच वाटेनं पुन्हा आलं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायच्या एक्स-रेत जे द्रव्य आत सोडतात, त्यात आयोडीन असतं. तेलाधारित द्रव्य वापरलं तर गर्भधारणेची शक्यता वाढते, असं २०१७ च्या डच चाचणीत दिसलं: ३९.७ टक्के विरुद्ध पाण्यावर आधारित द्रव्यानं २९.१. पण ते तेल शरीरात महिनोन् महिने रेंगाळतं, आणि जपान व न्यूझीलंडमधल्या अभ्यासांत त्यानंतर काही स्त्रियांचा थायरॉइड मंदावल्याचं आढळलं. तिनं आधीच हाशिमोटोचा कागद पुढे केला. पाण्यावर आधारित द्रव्य वापरलं गेलं आणि नंतर टीएसएच पुन्हा तपासलं.

दिवस राहिले तशी थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागली. थायरॉइडच्या संप्रेरकासाठी बाळ पहिल्या काही महिन्यांत आईच्याच भरवशावर असतं. याच काळात आयोडीनची गरजही वाढते. जागतिक आरोग्य संघटना गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम सांगते. म्हणून हाशिमोटो असूनही तिनं आयोडीनयुक्त मीठ एक दिवसही बंद केलं नाही. बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर टिपून घेतले गेले. त्या तपासणीत जन्मजात थायरॉइडमंदता वेळेत सापडली तर मुलाची बुद्धी वाचते. तिच्या मुलीचा अहवाल सामान्य आला.

आता बंगळुरूला नोकरी करणारी भाची विचारते आहे. "मावशी, मला पण पीसीओडी निघालंय. रीलमध्ये आयोडीनचे थेंब सांगतात, मागवू का?" तिनं भाचीला फोनवर तीन गोष्टी विचारल्या. टीएसएच किती आहे? अँटी-टीपीओ केलं आहे का? घरात मीठ कुठलं वापरतेस? तिसरा प्रश्न तिनं मुद्दाम विचारला. एकदा लघवी तपासून एका व्यक्तीत आयोडीन कमी की पुरेसं हे खात्रीनं सांगता येत नाही. ते मोजमाप आख्ख्या वस्तीचा अंदाज घेण्यासाठी असतं. एकट्या मुलीचा अंदाज तिच्या ताटावरूनच बांधावा लागतो.

भाचीनं गेल्या वर्षी दूध सोडलं आहे, मासे ती खात नाही, आणि फ्लॅटवर सगळ्या मैत्रिणी गुलाबी मीठ वापरतात. म्हणजे तिच्या बाबतीत आयोडीन खरोखर कमी पडत असण्याची शक्यता आहे. ते भरून काढायला थेंब नकोत, वाणसामानाच्या यादीतली एक ओळ बदलली तरी पुरे. थायरॉइडच्या दोन्ही तपासण्या भाची शनिवारी करून घेणार आहे. अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं तर पुढचं बोलणं वेगळं असेल, आणि ते तिच्या डॉक्टरांबरोबर बसून करायला मावशी बंगळुरूला जाणार आहे.