विकणे आहे: एक गाडी, सुटी सुटी

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची स्वतःची एक भाषा असते. 'थोडं काम बाकी' म्हणजे गाडी चालत नाही. 'सगळे पार्ट्स आहेत' म्हणजे ते गाडीवर नाहीत, खोक्यांत आहेत. 'वेळेअभावी विकणे' म्हणजे घरात बोलणी झालेली आहेत. इतकी वर्षं मी या जाहिराती करमणूक म्हणून वाचत आलो. गेल्या महिन्यात स्वतःच एक लिहायला बसलो, तर ही तिन्ही वाक्यं आपोआप आली. आणि तिन्ही खरी होती!

गाडी म्हणजे १९७३ सालची ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी. आम्ही राहतो त्या कॉव्हेंट्रीतच, कॅनलीच्या कारखान्यात, १९६२ ते १९८० या काळात स्पिटफायर बनत होत्या. पण मी ती घेतली गावाच्या अभिमानापोटी नव्हे, तर बाबांच्या हेराल्डपायी. पुण्यात आमच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती. स्पिटफायर तिची धाकटी चुलत बहीण. दोघींचं रूप मिशेलोत्ती या इटालियन माणसाचं. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिनाचं घराणं एकच. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं, तेही तसंच. लहानपणी त्या उघड्या बॉनेटपाशी पुढच्या चाकावर बसून मी बाबांच्या हातात पाने देत असे. दहा-अकराचा मागितला की बारा-तेराचा द्यायचो, आणि बोलणी खायचो.

बेत साधा होता. गाडी उभी करायची, एका उन्हाळ्यात बाबांना इकडे बोलवायचं, आणि चावी त्यांच्या हातात द्यायची.

सात वर्षं काम चाललं. दर रविवारी सकाळी मी गराजमधून फोन लावायचा, आणि तिकडे दुपारच्या जेवणानंतर बाबा आरामखुर्चीत तयार असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "क्लच दाबल्यावर पुढची पुली सरकते का बघ." सरकत होती. या इंजिनांचा हा जुना रोग. क्रँक पुढेमागे होऊ नये म्हणून आत दोन अर्धचंद्राकृती वॉशर असतात. ते झिजले की एक दिवस खाली तेलाच्या सम्पमध्ये पडतात, आणि मग क्रँक नि ब्लॉक दोन्ही खराब करतात. पाच हजार मैलांवरून बाबांनी दोन वाक्यांत निदान केलं.

इंजिन झालं. चासी रंगवून झाली. डावी सिल झाली. सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी. दिसायला क्षुल्लक, पण गाडीची निम्मी ताकद तिच्यात. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा बार वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर सांगाडा मधोमध बसतो आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. उजव्या बाजूचा बार लावून तयार होता. तेवढ्यात गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी बाबांना लांबचा विमानप्रवास बंद केला.

त्यानंतर मी बरेचदा गराजमध्ये जायचो, दिवा लावायचो, आणि परत यायचो.

खरं तर विकायची काहीच घाई नव्हती. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे कर नाही. २०१८ पासून, मोठे फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. गाडी रस्त्यावर नाही असं एकदा सरकारला कळवलं की ती बिनखर्चात पडून राहू शकते. सुटे भागही अजून मिळतात. त्यामुळे 'कधीतरी करू' म्हणायला पूर्ण मोकळीक! या देशात कितीतरी गराजांमध्ये अशा गाड्या बायका-मुलांच्या नजरा चुकवत धूळ खात असतील. पण आपली गाडी तशी गंजावी असं मला वाटेना. जिच्यासाठी वेळ आहे अशा माणसाकडे ती जावी, एवढं पक्कं होतं.

तशी एक पंचविशीची मुलगी आली. शेतीच्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करते. तिने रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून लोहचुंबक काढून सिलवर फिरवलं, कुठे पत्र्याऐवजी लांबी भरलीय का बघायला. मग खोकी उघडली. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती, पण देवनागरीत. "हे काय लिहिलंय?" मी वहीसुद्धा दाखवली. बाबा सांगायचे ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत असे. सात वर्षांच्या दोन वह्या.

तेव्हा मला उमगलं की सुटी केलेली गाडी म्हणजे निम्मं लोखंड आणि निम्मी आठवण. कुठला बोल्ट कुठून निघाला हे सांगितलं नाही, तर ती गाडी नुसती भंगार. पैसे घेतले ते लोखंडाचे. घेतली त्याहून थोड्या कमीच किमतीला गेली, मध्ये घातलेल्या पैशांचा हिशेब नकोच. दुसरा अर्धा भाग मात्र द्यायचा राहिला होता.

तीन रात्री बसून दोन्ही वह्यांचं इंग्रजी केलं. मापं सोपी होती. पण 'सगळे बोल्ट आधी हातानेच लाव, मग चहा पी, मग आवळ' याचं काय करायचं? जसंच्या तसं लिहिलं. 'अडलं की हातोडी नाही, डोकं' हेही. मूळ वह्या माझ्याकडेच ठेवल्या.

गाडी गेल्याचं बाबांना सांगितलं. मला वाटलं गप्प होतील. त्यांनी हेराल्ड विकली तेव्हाही ते काही बोलले नव्हते. पण म्हणाले, "उजवी सिल कापलीन का तिने?"

परवा तिचा फोटो आला. सिल कापलेली, बार जागच्या जागी, आणि बाजूच्या बाकावर चहाचा मग. बाबांना पाठवला. आता रविवारी फोन लावला की ते तब्येतीचं बोलायच्या आधी तिच्या कामाची चौकशी करतात. मी अजूनही पाने देणारा पोरगाच आहे, फक्त मधला निरोप्या झालोय.