लाल दिव्याची गाडी

"मेस्त्री, बाकीचं राहू द्या. तो लाल दिवा तेवढा बंद करून द्या. रात्रीचा डोळ्यांत खुपतो."

शहापुरात गॅरेज टाकल्यापासून ही विनंती किती वेळा ऐकली त्याचा हिशेब नाही. जुन्या जावाच्या, येझदीच्या हेडलाइटच्या डूमवर हरभऱ्याच्या दाण्याएवढी लाल काच असते. तिच्या पाठीमागे सहा व्होल्टचा इवलासा बल्ब. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू होऊन जरा रेस घेतली की विझतो. विझायच्या वेळी विझला नाही की माणसाच्या मनाला टोचणी लागते आणि त्या टोचणीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बल्बची वायर उपटून टाकणं. काम दोन मिनिटांचं. सुरुवातीला मीही ते करून दिलंय, वर दहा रुपये घेतलेत. आता करत नाही. गिऱ्हाईक फणकारतं, दुसरीकडे जाऊन करून घेतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच गाडी टेम्पोत घालून माझ्या दारात येते. बॅटरी बसलेली असते, आणि या गाड्यांत बॅटरी बसली की प्लगला ठिणगी नाही.

मंत्र्यांच्या, साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. ते उतरल्यानं कुणाचं काही अडलं नाही. आमच्या डूमवरच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे.

हा दिवा करतो काय, हे मी मुरबाड-किन्हवलीकडच्या गिऱ्हाइकाला भाताच्या खाचरांवरून सांगतो. शेजारीशेजारी दोन खाचरं. एक बॅटरीचं, एक डायनामोचं. मधल्या बांधाला एक बारीक तोड, आणि त्या तोडीत बसवलेला आपला बल्ब. गाडी बंद असते तेव्हा डायनामोचं खाचर कोरडं. चावी फिरवली की बॅटरीकडचं पाणी तोडीतून तिकडे वाहतं, दिवा लागतो. इंजिन फिरलं, डायनामोचं खाचर भरलं, दोन्हीकडची पातळी एक झाली, की पाणी वाहायचं थांबतं आणि दिवा विझतो. बस, एवढंच. वायरिंगच्या आकृतीत या दिव्याच्या डायनामोकडच्या टोकाला ६१ आकडा असतो. तो जर्मन पद्धतीचा क्रमांक आहे: ३० म्हणजे बॅटरी, ३१ म्हणजे अर्थिंग, १५ म्हणजे चावीनंतरचा करंट, ६१ म्हणजे चार्जिंगचा दिवा. कागदावर हे फार सोपं दिसतं. गाडीवर मात्र साठ वर्षांत दहा हातांनी वायरी बदललेल्या असतात, कुणी घरच्या फिटिंगची वायर घातलेली, कुणी सायकलच्या डायनामोची, आणि धुळीनं, ऑइलनं सगळ्यांचा रंग एकच झालेला.

आता या खाचरांचा खरा अर्थ असा, की दिवा 'चार्जिंग चालू आहे' असं कधी सांगतच नाही. तो फक्त दोन्हीकडच्या पातळीतला फरक सांगतो. फरक नसला तर गप्प. आणि बल्ब उडाला तरी गप्प, वायर तुटली तरी गप्प. म्हणून तो विझला की नाही हे बघण्याआधी, किक मारायच्या आधी, तो लागला होता का हे बघायला हवं. हे मला माझ्या उस्तादानं कल्याणला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कळायला मात्र एक दूधवाला लागला.

तो सरळगावच्या बाजूचा. येझदीला दोन्हीकडे कॅन लटकवून पहाटे दूध गोळा करायचा. तक्रार अशी की दिवा लागतच नाही आणि बॅटरी रोज उतरते. मी बल्ब बदलला, तरी लागेना. वायर तपासली, धड होती. मग मी तरुण मेस्त्रीच्या तोऱ्यात निदान केलं: आर्मेचर गेलं. ते कल्याणला वाइंडिंगला पाठवलं. दहा दिवस तो बिचारा सायकलवर कॅन बांधून फिरला. आर्मेचर आलं, बसवताना माझं लक्ष कार्बनकडे गेलं. एक कार्बन घरात अडकून बसला होता, कॉम्युटेटरला टेकतच नव्हता. स्प्रिंगवर धूळ आणि ऑइलचा चिखल. बल्बमधून आलेलं पाणी जमिनीत मुरतं ते आर्मेचरमधून, आणि आर्मेचरपर्यंत पोचतं ते त्या कार्बनमधून. कार्बन टेकत नाही म्हणजे तोडच बुजलेली, मग दिवा लागेल कसा? चावी फिरवून दिवा लागत नाही, बल्ब आणि वायर चांगली आहे, याचा अर्थ आधी कार्बन बघ, इतकं सरळ उत्तर तो न लागणारा दिवा मला देत होता. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पाच मिनिटांत होणारं काम. मी त्याच्याकडून वाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत. तो मात्र अजून भेटला की विचारतो, "मेस्त्री, यंदा कुणाचं आर्मेचर कल्याणला पाठवलं?"

सहा व्होल्ट हाही एक स्वभावच आहे. आजच्या बारा व्होल्टच्या गाड्यांवर शिकलेल्या पोरांना तो चटकन उमगत नाही. दाब निम्मा, म्हणून तेवढ्याच उजेडाला करंट दुप्पट लागतो. एखाद्या गंजक्या जोडात एक व्होल्ट खाल्ला गेला तर घरच्या २३० व्होल्टमध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही. सहामधला एक गेला तर सहावा हिस्सा गेला, हेडलाइट पिवळा पडला. आणि आमच्याकडचा पाऊस! भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तीन धरणं आमच्या शहापूर तालुक्यात उगाच नाही बांधलेली. जूनपासून चार महिने हवाच ओली. पडवीत पेंढ्याखाली ठेवलेल्या गाडीच्या पितळी टर्मिनलांवर हिरवं जंगाल चढतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, तसा जोड कळकतो. वरून टेप धड असते. आत हिरवी पूड.

जंगालावरून टोकावड्याकडच्या गुरुजींची जावा आठवते.

जावा हे नाव १९२९ सालचं, यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झालेलं. आपल्याकडच्या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या. फारुख आणि रुस्तम इराणींनी १९६० च्या सुमाराला तो काढला, पुढे त्याच गाड्या येझदी नावानं आल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे गेली जवळपास तीस वर्षं आम्ही बंद पडलेल्या कारखान्याच्या गाड्या चालत्या ठेवतोय. २०१८ साली जावा नाव नव्या गाडीवर परत आलं. गाडी चांगली आहे, पण तिचं माझ्याकडे काम नाही.

गुरुजींची जावा १९६९ ची, वडिलांची. वडील मुरबाडला कंपाउंडर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी ती पडवीतून बाहेर काढली. आवणीच्या दिवसांत, भर पावसात, सरळगाव-किन्हवली करत ती चालवत माझ्याकडे आले. डोक्यावर हेल्मेट, त्यावर प्लास्टिकची पिशवी.

"दोन ठिकाणी दाखवली," ते म्हणाले. "रेग्युलेटर नवा, बॅटरी नवी. तरी याचं एक चमत्कारिक आहे. चावीला दिवा लागतो. किक मारली की विझतो. रेस वाढवली की पुन्हा लागतो! पण कसा, विडीच्या टोकासारखा."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. बंद पडलेली गाडी काहीच बोलत नाही. ही बोलत होती. पुन्हा खाचरांकडे चला. दिवा विझला, म्हणजे पातळी एक झाली, डायनामो धड आहे. रेस वाढवल्यावर पुन्हा लागला, म्हणजे डायनामोचं खाचर आता बॅटरीच्या वर भरलंय आणि पाणी तोडीतून उलट्या दिशेनं येतंय. बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं, तो दोन्हीकडून सारखाच पेटतो. मग प्रश्न असा उरतो, की डायनामोचं पाणी बॅटरीत जायला मोठा पाट असताना ते तुंबतंय का? पाटात कुठेतरी दगड आहे.

मी मीटर लावला. रेसवर डायनामोच्या टोकाला सात व्होल्टच्या वर, बॅटरीवर जेमतेम सहा. आधीच्या मेस्त्रींचं चुकलं ते इथे, असं मला वाटतं. त्यांनी रेग्युलेटरपासून बॅटरीकडची वायर गाडी बंद असताना तपासली असणार. बंद गाडीत मीटर सगळं छानच दाखवतो. वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटरला ती पुरते, कारण मीटर स्वतः करंट खातच नाही. म्हणून मी अजून टेस्ट लॅम्प वापरतो: जुन्या हेडलाइटचा बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. त्याला पेटायला खराखुरा करंट लागतो, खोटा जोड त्याच्यासमोर लगेच उघडा पडतो. आणि मीटर वापरायचाच तर इंजिन चालू ठेवून, त्याच वायरीच्या एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी. धड वायरीच्या दोन टोकांत फरक जवळजवळ शून्य हवा. गुरुजींच्या वायरीवर एक व्होल्टच्या वर दिसला.

दोन्ही टोकांचे स्क्रू चकाचक होते. म्हणजे दोष मध्येच, टाकीखाली. पेट्रोलची नळी काढली, टाकी उतरवली. फ्रेमच्या नळीला चिकटून एक जोड होता, आणि त्यावर इन्सुलेशन टेप नव्हती. दवाखान्यातली कापडी चिकटपट्टी होती, पांढऱ्याची तपकिरी झालेली. बोट लावलं तर कोमट. चार्जिंगचा माल तिथे बसून ऊब घेत होता.

गुरुजी वाकून बघत होते. म्हणाले, "ही अण्णांची पट्टी."

मग सांगितलं. ते कॉलेजात असताना दोघं बापलेक ओतूरहून येत होते. माळशेजमध्ये धुकं, पाऊस, आणि गाडी बंद. वायर फ्रेमला घासून तुटलेली. अण्णांनी बॅगेतली कात्री काढली, वायरीची टोकं सोलून पीळ मारला, वर पट्टी गुंडाळली. यांनी तेवढा वेळ छत्री धरली. घरी पोचल्यावर मेस्त्रीकडे दाखवू म्हणाले असतील. चालू गाडी कोण दाखवतो?

जोड कापला. आत पीळ असा नव्हताच, हिरवा भुगा आणि चार काळ्या तारा. काळी पडलेली तांब्याची तार कथील धरत नाही, कितीही राळ लावा, थेंब गोळा होऊन ओघळतो. म्हणून लाल तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडून वायर मागे कापत गेलो. वीतभर गेली. तेवढा नवा तुकडा घातला, आधी स्लीव्ह चढवून ठेवली (ती डाग दिल्यानंतर आठवते, आणि मग सगळं पुन्हा उकलावं लागतं, हे प्रत्येक मेस्त्रीचं होतं, कबूल कुणी करत नाही), मग कथलाचा डाग दिला. हल्ली पुष्कळ जण डाग न देता लग दाबून बसवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही: डाग दिलेली वायर तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीनं डागाच्या कडेला तुटते. पण आमच्या हवेत नुसत्या दाबलेल्या लगमध्ये ओल शिरते. मी डाग देतो आणि जोडाच्या दोन्हीकडे वायर फ्रेमला बांधतो, म्हणजे थरथर जोडापर्यंत येत नाही. यावर वाद घालायला कुणीही यावं, चहा माझ्याकडून.

टाकी चढवली. चावी फिरवली, दिवा लागला. किक मारली, रेस दिली, विझला. आणखी रेस दिली. विझलेलाच. हेडलाइट लावला तर समोरच्या भिंतीवरचा उजेड पांढरा. गुरुजी काही बोलले नाहीत. खाली पडलेला पट्टीचा तुकडा उचलून त्यांनी खिशात टाकला. मग बिल विचारलं.

"एवढ्याशा जोडाचे साडेतीनशे?"

"गुरुजी, जोडाचे पन्नास. जोड सापडण्याचे तीनशे."

तीनशे देऊन गेले.

हल्ली २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या येतात. त्यांच्या मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र लागतं आणि ते का लागलं हे स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. स्कॅनरवर एक नंबर येतो, नंबरावरून पार्ट बदलायचा. माझा पोरगा ते करतो, चांगलं करतो. तिथेही चित्र घालवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं येतातच. पोरगा नकार देतो, तेव्हा मी आतून ऐकत असतो.

तुमच्याकडे जुनी जावा किंवा येझदी असेल तर उद्या सकाळी किक मारायच्या आधी नुसती चावी फिरवा आणि डूमकडे बघा. लाल दिवा लागला तर गाडी काढा. नाही लागला तर गाडी माझ्याकडे आणण्याआधी बल्ब बदलून बघा. दुकानात सहा व्होल्टचाच मागा, आणि घेताना त्यावरचा आकडा वाचा. न बघता दिला तर बाराचाच हातात पडतो.