न आलेल्यांची वही

पुण्यात डॉक्टर झाले तेव्हा वजन म्हणजे काट्यावर दिसतं ते, एवढीच माझी समज होती. पुढे आयर्लंडमध्ये, केरी परगण्यातल्या ट्रलीत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करू लागले. पोटात बलून बसवून घेतलेले, तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून शिवून घेतलेले रुग्ण तिथे येत. उपचार दुसरीकडे झालेले असत, पुढची देखरेख आमच्याकडे.

‘लॅन्सेट’मधला २०२२चा ‘मेरिट’ अभ्यास मी वाचला होता. वर्षभरात जठर शिवलेल्यांचं एकूण वजन सरासरी १३.६ टक्के उतरलं, फक्त आहार-व्यायामावर असलेल्यांचं ०.८ टक्के. हीच घट ‘जादा वजना’च्या, म्हणजे निरोगी वजनाच्या वर जेवढं असतं त्याच्या, हिशेबात ४९.२ टक्के होते. कशाचे टक्के, हे आधी विचारायचं, ही सवय मला आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी लावली. त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात तपासणीला न आलेल्यांची नावं असत. वजन परत वाढलं की माणसं शरमेने येत नाहीत. आलेल्यांचीच सरासरी काढली तर उपचार आहे त्याहून गुणकारी दिसतो. दुपारी सिस्टर एकेकाला फोन करत. रागावत नसत, वजनाचं तर आधी विचारतच नसत. “कालव्याच्या कडेने ब्लेनरव्हिलपर्यंत चालवतं का आता?” असं विचारायच्या. रक्तदाबाची गोळी कमी झाली का, झोप लागते का, हेही लिहून घ्यायच्या. बहुतेक बलून सहा महिन्यांनी काढतात. त्या दिवशीचं वजन सिस्टर पेन्सिलीने लिहीत. शाईने लिहायचं ते त्यानंतरच्या वर्षाचं.

आकड्यामागे काय दडलंय हे पाहायच्या त्यांच्या सवयीमुळेच मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४चा लेख नीट वाचला. ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ज्या शहरात मी शिकले तिथलं हे काम मला इतक्या दूर येऊन कळलं. ट्रलीतल्या भारतीय रुग्णांची कंबर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर मी तेव्हापासून आवर्जून मोजते.

सिस्टर निवृत्त झाल्या, वही माझ्याकडे आली. कुणी कितीही चांगला आकडा पुढे ठेवला, तरी किती जण परत आले नाहीत हे कळल्याशिवाय मी तो मानत नाही. दुपारचे फोन आता मी करते.