मानेवरचा मळ

दिवाळी संपली की घणसोली गावातल्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार ठरलेली: "डॉक्टर, उटणं लावून घासघासून आंघोळ घातली, तरी याच्या मानेवरचा मळ निघत नाही."

तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी आणखी ओतत राहतं, आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेची, काखेची त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. साखर अनेकदा अजून नॉर्मल असते. पण मधुमेहाने दार वाजवलेलं असतं.

मूल गुबगुबीत असेल तर आई-बाप निदान ऐकून घेतात. पंचाईत होते ती काटकुळ्या हातापायांच्या आणि पोट सुटलेल्या पोराची. परवाच एक आजी माझ्यावर उखडल्या. "यो तं काडीसारका हाय, याला कसली साकर?"

आजींच्या या प्रश्नाचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांत सापडलं आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून तिथल्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तितकीच! हलकं बाळ, पण चरबी राखून जन्मलेलं. पुढे 2004 मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3; चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावरचा माझा विश्वास तो फोटो पाहूनच उडाला.

पुण्याजवळच्या गावांतल्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात शेताची, पाण्याची जड कामं करणाऱ्या बायकांची बाळं जास्त लहान होती. हे वाचताना मला घणसोलीच्याच आज्या आठवतात. चिखलात भातलावणी केलेल्या, खाडीत उतरलेल्या. 1970 मध्ये नवं शहर वसवणारी सिडको आली, शेतं गेली, खोल्या उभ्या राहिल्या, भाडं येऊ लागलं. अपुऱ्या अन्नावर आणि कष्टावर बेतलेलं शरीर दोन पिढ्यांत मोबाइल, शिकवणी आणि वेफर्सच्या पाकिटासमोर येऊन बसलं. गावठाणातल्या गल्ल्या आता इतक्या अरुंद, की पोरांनी खेळायचं कुठे, हे मलाही सांगता येत नाही. 'मुलं आळशी झाली' असं म्हणणाऱ्यांचा म्हणून मला राग येतो.

प्रश्न आईच्या ताटाचाही आहे. पुण्याच्या त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. सुकट, जवळा खाणाऱ्या आगरी-कोळी घरांना हे फारसं लागू नसावं. पण इथल्या चाळींत भाड्याने राहणाऱ्या शाकाहारी सुनांना मी ते आवर्जून तपासायला सांगतो. आणि मुंबईच्या वस्त्यांतला 'सारस' प्रकल्प तर प्रत्येक सासूला सांगण्यासारखा आहे. दिवस राहण्याआधीपासून एका गटातल्या बायकांना पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. बाळांच्या वजनात एकूण फरक पडला नाही, पण गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात 12.4 टक्के होता, तो हा खाऊ घेणाऱ्या बायकांत 7.3 टक्केच निघाला. म्हणजे नातवाची साखर सांभाळायची तर सुनेच्या ताटापासून, तेही लग्न झाल्या झाल्या. आमच्याकडे ताट वाढलं जातं ते पाचव्या महिन्यानंतर, आणि त्यात तूप-साखरच जास्त.

करंजी खाऊ नका, असं मी सांगणार नाही. फराळ चार दिवसांचा. माझं भांडण रोजच्या बिस्किटांशी आणि शीतपेयाशी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला भिंतीशी उभं करून टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजून कापा. ती दुमडून निम्मी करा आणि बेंबीच्या जरा वरून, पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर पोरगं कितीही काडीसारखं दिसो, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. आणि मान घासू नका.