गुण्यात

दहावीचा निकाल लागला की आमची काही मुले कॉलेजच्या रांगेत उभी राहतात आणि काही थेट साकीनाक्याच्या खैरानी रोडवर, जरीमरीला किंवा कुर्ल्याच्या काजूपाड्यात कामाला लागतात. २०१४ साली घाटकोपर-अंधेरी मेट्रो सुरू झाली. तिच्या खिडकीतून साकीनाक्याच्या आसपास पत्र्याच्या छपरांचा जो पसारा दिसतो, त्या छपरांखाली ही मुले असतात. कोणी कटिंगवर, कोणी पॉलिशवर, कोणी वेल्डिंगवर. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे आम्ही चौघे शिक्षक त्यांना रस्त्यात भेटतो. सलाम होतो, "सर, कैसे हैं?" होते आणि ती पुढे जातात.

त्यातला एक मुलगा मागच्या वर्षी शाळेत आला. आठ वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यात स्टीलच्या रेलिंगचे काम करून आता त्याला स्वतःचे काम सुरू करायचे होते. अर्धा गाळा भाड्याने ठरला होता. घाटकोपरच्या एका तीन मजली इमारतीच्या जिन्याचे रेलिंग, ही पहिली ऑर्डरही हातात होती. आर्गन वेल्डिंगचे मशीन एका मित्राकडून वापरायला मिळणार होते. अडले होते ते पाईप कापण्याच्या हत्यारांवर. आम्हा चौघांची भिशी आहे. तिच्यातून ४०,००० रुपये बिनव्याजी द्यायचे ठरले. अट एकच घातली : काय घेणार आणि का घेणार, हे आधी आम्हाला समजावून सांगायचे.

बी.एड.ला असताना पाठटाचणात 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना भरावा लागे. साधन आधी ठरवून त्याला पाठ चिकटवू नका, पाठाचा उद्देश पाहून साधन निवडा, असे तेव्हा शिकवले होते. या मुलाने तो रकाना आमच्यापेक्षा चांगला भरला. त्याने सुरुवात मशीनपासून केलीच नाही, पाईपपासून केली.

स्टेनलेस स्टील म्हणजे मुळात लोखंडच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा बसतो आणि तो गंजाला अडवतो. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरी हॅरी ब्रिअर्ली या माणसाने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधता शोधता असा मिश्रधातू ओतला, आणि पुढे त्याच्या सुऱ्या-चमचे झाले. रेलिंगला लागतो तो ३०४ ग्रेड. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाजारात स्वस्त २०२ ग्रेडही मिळतो. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो लवकर डाग धरतो. लोहचुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, कारण साधारणपणे दोन्हींना चुंबक धरत नाही. ग्रेड तपासायला रसायनाच्या थेंबाचा संच मिळतो. आमच्या यादीत पहिली वस्तू तीच चढली.

आता कापणे. साधे लोखंड कापणाऱ्याचा हात स्टेनलेसवर फसतो, कारण ही धातू घासली की आणखी कडक होते. पाते नुसते वरवर फिरत राहिले तर कापायची जागा घट्ट होऊन बसते आणि पात्याचे दात जातात. म्हणून वेग कमी आणि दाब भक्कम ठेवायचा, हा नियम. रेलिंगच्या दीड-दोन इंची पाईपची भिंत १.२ मिलिमीटर जाडीची असते. हाताच्या हॅक्सॉला इंचाला ३२ दातांचे बारीक पाते लावले तरी दोन दातांमधले अंतर ०.८ मिलिमीटर येते. निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकलेले हवेत, असा कारागिरांचा हिशेब. तो इथे सरळ उभ्या कापात जमत नाही. म्हणून पाते तिरके धरायचे आणि पाईप थोडा थोडा फिरवत कापायचा. जिन्याला लागणारे शंभरेक तुकडे असे कापायचे तर रेलिंग पुढच्या ईदलाच लागेल.

दुसरा पर्याय चौदा इंची चॉप सॉ. मोठी घासणारी चकती, वरून दाबायची, पाईप तुटतो. स्वस्त आणि झटपट. आमच्यातल्या गणिताच्या सरांचे मत याच्या बाजूने होते : काम लवकर, पैसे लवकर, भिशीही लवकर. त्यावर मुलाने तीन गोष्टी सांगितल्या. एक, मोठी चकती दाबाखाली किंचित वाकते आणि काप काटकोनातून सरकतो. दोन, पाईपचे तोंड तापून निळे पडते. त्या निळ्या कडेवर पापुद्रा बिघडलेला असतो, ती घासून काढल्याशिवाय वेल्डिंग नीट होत नाही. आणि तीन, ठिणग्या. गाळ्याच्या माळ्यावर रात्रपाळीची दोन मुले दिवसा झोपतात. डिसेंबर २०१७ मध्ये याच खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्याला आग लागून १२ कामगार गेले. ती आग फरसाणाच्या जागेतली होती, कापण्याच्या कामाशी तिचा संबंध नव्हता. पण आगीनंतर माळ्यावरून उतरायला एकच शिडी असणे म्हणजे काय, हे त्या रस्त्यावर कोणाला सांगावे लागत नाही. गणिताचे सर गप्प झाले.

तिसरा पर्याय सगळ्यांत चांगला : कोल्ड सॉ. पोलादी दातांचे पाते, मिनिटाला काही डझनच फेऱ्या आणि वरून थंडाव्याचे पाणी. काप आरशासारखा, ठिणगी नाही, पाईप गरमही होत नाही. किंमत विचारली आणि पुढचे विचारले नाही. चौथी बँड सॉ. ती सावकाश कापते, पण सरळ कापते. काजूपाड्यातल्या एका गाळ्यात ती आहे आणि नगामागे पैसे घेऊन कापून मिळते. वेल्डिंगआधी तुकड्यावरचे तेल-पाणी अॅसिटोनने पुसले की झाले.

पाचवा पर्याय आमच्या मुलांच्या हातात सर्रास दिसणारा : अँगल ग्राइंडर आणि त्यावर एक मिलिमीटर जाडीची पातळ चकती. ती पटकन कापते आणि पाईप कमी तापतो. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्या घेतो. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. आडवा दाब पडला तर चकतीचे तुकडे त्याच वेगाने उडतात. तिच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते, सहसा तयार झाल्यापासून तीन वर्षांची. ती तारीख कोणी पाहत नाही. आणि गार्ड तर पहिल्याच दिवशी काढून ठेवतात, कारण कोपऱ्यात हात जात नाही.

मुलाने डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचे वरचे पेर नाही. आधीच्या गाळ्यात तो सतरा वर्षांचा असताना गेले. गार्ड काढलेला होता, मालकाने टाक्यांचे पैसे दिले आणि चौथ्या दिवशी कामावर बोलावले. इतकी वर्षे तो आम्हाला रस्त्यात सलाम करीत होता तो उजव्या हाताने, डावा खिशात असे. तो म्हणाला, "सर, मशीन सस्ती मिलती है. उँगली नहीं मिलती."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. खरेदी अशी झाली : पाच इंची ग्राइंडर, गार्डसह. स्टेनलेससाठीच्या वेगळ्या पातळ चकत्या. दोन नव्या कानशी आणि स्टेनलेस तारेचा ब्रश. या तिन्हींना साधे लोखंड कधीच लावायचे नाही, कारण लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतले की महिन्याभरात तिथे तांबूस ठिपके उठतात आणि गिऱ्हाईक म्हणते, माल खोटा होता. डोळ्यांचे चष्मे आणि तोंडावरची ढाल दोन-दोन. वेल्डिंगसाठी चांगले मास्क, कारण वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवले, आणि स्टेनलेसच्या धुरात तर क्रोमियमचे विषारी रूपही असते. सरळ काप बँड सॉवाल्याकडून, तिरके आणि फुटकळ काप आपल्या हाताने, असे ठरले. राहिलेल्या पैशांत एक महागातला गुण्या.

गुण्या या शब्दापाशी आम्ही उर्दूवाले थांबलोच. मराठी गवंडी भिंत 'गुण्यात' आहे म्हणतो, फारसीत 'गूनिया', आणि त्याच्याही मागे ग्रीकांचा कोनासाठीचा शब्द. आम्ही वर्गात 'ज़ाविया-ए-क़ायमा' म्हणतो, शेजारच्या मराठी शाळेत 'काटकोन' म्हणतात, पण कारागिराच्या पिशवीत हत्यार एकच.

काप काटकोनात हवा, हा हट्ट कशासाठी? वेल्डिंग करताना दोन तोंडे एकमेकांना पूर्ण भिडली पाहिजेत. १.२ मिलिमीटरच्या भिंतीत फट राहिली तर आर्गनची ज्योत कड वितळवून भोक पाडते. फट भरायला जास्त तार, म्हणजे जास्त उष्णता. स्टेनलेस साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट फुगते आणि उष्णता मात्र त्याच्या एक तृतीयांशच वाहून नेते, म्हणून एका जागी तापून वाकडे ओढले जाते. आधी समोरासमोर छोटे टाके घालायचे, कोन पुन्हा पाहायचा आणि मग सलग वेल्डिंग. कोपऱ्याच्या ४५ अंशांच्या दोन्ही कापांत अर्धा-अर्धा अंश चूक झाली तर जोड एक अंशाने बिघडतो. ९०० मिलिमीटर उंचीच्या खांबाच्या टोकाला ती चूक जवळपास १६ मिलिमीटर होते. ती गिऱ्हाइकाला जिन्याच्या पहिल्या पायरीवरून दिसते.

गोल पाईपवर रेघ मारायची त्याची रीत आम्ही दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात दाखवली. कागदाची सरळ पट्टी पाईपभोवती गुंडाळायची. तिच्या कडा एकमेकींवर बरोबर बसल्या की रेघ काटकोनातच येते. रेघेला धरून होज क्लिप आवळायची, चकतीला आधार मिळतो. कापल्यावर आतली-बाहेरची कोर कानशीने काढायची, पाईप सपाट प्लेटवर उभा करायचा, बाजूला गुण्या लावून फिरवायचा आणि फटीतून उजेड दिसतो का ते पाहायचे.

जिन्याचा उतार कसा काढणार, हे आम्ही विचारले. पायरी ६ इंच उंच, १० इंच खोल. आमच्या कोष्टकाने कोन आला ३१ अंश. उतरता पाईप सपाट पाईपला मिळतो तिथे प्रत्येकाला त्याचा निम्मा, साडेपंधरा अंशांचा काप. मुलाने कोष्टक पाहिले नाही. गाळ्याच्या फरशीवर खडूने पायऱ्या खऱ्या मापात काढल्या, दोन रेघा जिथे भेटल्या तिथला कोन दोरीने दुभागला आणि पत्र्याचा साचा कापला. साचा कोनमापकावर ठेवला. साडेपंधरा. याच मुलाला दहावीला भूमितीत काठावर गुण होते.

रेलिंग पावसाळ्याआधी लागले. दर महिन्याच्या दहा तारखेला तो २,००० रुपये आणून देतो. एकही हप्ता चुकलेला नाही. बँड सॉसाठी तो वेगळे पैसे साठवतो आहे.

त्याचा धाकटा भाऊ यंदा आमच्याकडे नववीत आहे. शाळा सोडून भावाच्या गाळ्यात बसायचे त्याच्या मनात आहे, घरी आईचीही फारशी ना नाही. २०१६ च्या कायद्याने अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही, हे आम्ही घरी जाऊन सांगितले. आईने ऐकून घेतले आणि चहा दिला. मोठा भाऊ मात्र म्हणाला, "गाळ्यात ये, खडूने पायऱ्या काढ, गुण्या धर. अठरा होईपर्यंत ग्राइंडरची वायर मी माझ्या पिशवीत घेऊन घरी येणार." आणि तो खरोखरच रोज घेऊन येतो.